लकव्यानंतर वाचा गेली आणि माणसाला तीन-चार भाषा येत असतील तर घरच्यांनी काय करायचं

आईला लकव्याचा अटॅक आला त्यानंतर तिसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी गिळणं तपासून पेज द्यायला परवानगी दिल्यावर, काकी तिला भरवत होती आणि आई पहिल्यांदा काहीतरी बोलली. "साकु." काकी म्हणाली, "अगो, तिका साखर होयी," आणि पेजेत साखर घातली. आई तोंड फिरवून परत "साकु, साकु", काकीने अजून एक चमचा साखर घातली. आईच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा आम्हाला वाटलं दुखतंय कुठेतरी. संध्याकाळी कारवारहून मामाचा फोन आला, त्याला सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला आणि मग म्हणाला, अगं साकु म्हणजे कानडीत पुरे. ती पुरे पुरे म्हणत होती आणि आम्ही भरवत होतो. हॉस्पिटलच्या कागदावर तोपर्यंत "असंबद्ध बडबड" असं लिहून झालं होतं.

आई मूळची कारवारची, घरात कोंकणी, शाळा सातवीपर्यंत कानडी, लग्न होऊन आली वेंगुर्ल्याच्या बाजूला तेव्हापासून मालवणी, आणि पुढे अंगणवाडी सेविका म्हणून वीस वर्षं सगळी रजिस्टरं मराठीत. फॉर्मवर मातृभाषा म्हणून भावाने "मराठी" लिहिलं, आणि का नाही लिहिणार, आपण सगळे तसंच लिहितो. पण त्या एका शब्दामुळे तिची सगळी तपासणी प्रमाण मराठीत झाली. आपल्याकडे असं घर विरळाच असेल जिथे एकच भाषा आहे. घरात मालवणी, शाळेत मराठी, चाकरमानी असेल तर मुंबईची हिंदी आणि दुकानात असेल तर गुजराती, आखातात राहून आलेल्याची वेगळीच हिंदी, गोव्यात नोकरी असेल तर कोंकणी. म्हणून आम्ही जे शिकलो, बरंचसं उशिरा शिकलो, ते सगळं क्रमाने लिहिते.

पहिले काही तास

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर धरला की खाली येतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी लकवाच समजायचा आणि निघायचं. कधीकधी हातपाय एकदम ठीक असतात आणि फक्त बोलणं बिघडतं. माणूस अचानक भलतेच शब्द बोलायला लागला, किंवा समोरच्याला येत नाही त्या भाषेत उत्तर द्यायला लागला, तर झोप झाली नसेल, उन्हं लागली असतील म्हणून थांबू नका. मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तो वेळ माणूस शेवटचा ठीक कधी दिसला तिथून मोजतात, आपल्याला कळलं तिथून नाही. ती वेळ कागदावर लिहून घ्या, पहिला प्रश्न तोच येतो. मोठी नस बंद असेल तर काही पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत गुठळी काढता येते पण ते मोठ्या हॉस्पिटलात. १०८ ला फोन करताना आणि हॉस्पिटलला निघताना विचारायचं की सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का. आपल्या रस्त्यांवर एका ठिकाणी जाऊन "मशीन बंद आहे, पुढे जा" ऐकण्यात तास जातो. गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय कळत नाही, म्हणून घरात कोणी सांगितलेली रक्त पातळ करायची गोळी द्यायची नाही, आणि गिळणं तपासेपर्यंत पाणीसुद्धा नाही. देवाक गाऱ्हाणं जरूर घाला, पण गाडी सुटल्यावर.

नक्की काय गेलंय ते ओळखा

जीव वाचला की घरात पहिलं वाक्य येतं, "वाचा गेली." यात वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे जीभ जड होणं, शब्द बरोबर असतात पण उच्चार बोबडा येतो, असा माणूस लिहून दाखवू शकतो. दुसरी म्हणजे वाचाघात, त्यात भाषाच अडकते, शब्द सापडत नाही, किंवा दुसऱ्याचं बोलणं कळत नाही, आणि लिहिणं वाचणं पण त्याच्याबरोबर बिघडतं. दोन्ही एकत्र पण असू शकतात. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या डॉक्टरने एक पेशंट पाहिला जो फक्त "तान" एवढंच बोलू शकायचा पण बोललेलं बरंच समजायचा, त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे इजा सापडली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलटा प्रकार मांडला, माणूस भराभर बोलतो पण शब्दांना अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं कळत नाही. या दुसऱ्या प्रकारात आपल्याकडे खूप वेळ वाया जातो, कारण माणूस चालतोय फिरतोय आणि विचित्र बोलतोय म्हटल्यावर कोणी वेड लागलं म्हणतं, कोणी बाहेरची बाधा. वाचाघातात माणसाला माणसं ओळखू येतात, काय हवं नको ते कळतं, राग येतो, लाज वाटते. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका.

आता भाषांचं. प्रत्येक भाषेला मेंदूत वेगळी खोली असते असं नाही, बरीचशी यंत्रणा सामायिक असते, म्हणून बहुतेक लोकांमध्ये सगळ्या भाषांना सारखाच फटका बसतो आणि जी जितकी पक्की होती त्या प्रमाणात ती परत येते. पण सगळ्यांमध्ये नाही. थिओड्यूल रिबो या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकात म्हटलं होतं की आधी शिकलेलं जास्त टिकतं, मग १८९५ मध्ये आल्बेर पित्र या फ्रेंच डॉक्टरने पेशंट बघून म्हटलं की अटॅकच्या आधी जी भाषा सर्वात जास्त वापरात होती ती आधी येते. दोघांच्या बाजूने पेशंट सापडतात, दोघांच्या विरुद्ध पण सापडतात. म्हणजे अंदाज बांधून बसायचं नाही, तपासून बघायचं.

भाषांचा कागद

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि ते डॉक्टर करणार नाही, घरच्यांनाच करावं लागतं. एक फुलस्केप कागद घ्या आणि माणसाला येत असलेल्या, अर्धवट येत असलेल्या, फक्त कळत असलेल्या सगळ्या भाषा लिहा. मालवणी वेगळी लिहा. "ती मराठीच ना" म्हणून एका ओळीत गुंडाळू नका, "माका होया" आणि "मला हवं आहे" यात पेशंटसाठी फार अंतर असतं. कोकणी मुसलमान घरातली बोली, संगमेश्वरी, चित्पावनी, जे असेल ते त्याच्या नावाने लिहा.

प्रत्येक भाषेसमोर कितव्या वर्षी शिकली, कोणाकडून, कोणाशी बोलायची, लिहिता-वाचता येत होती का आणि कुठल्या लिपीत, आणि अटॅकच्या आधीच्या चार-पाच वर्षांत दिवसातून साधारण किती वापर होता हे सगळं लिहायचं. आम्हाला सगळ्यात उपयोग झाला तो वेगळ्याच प्रश्नांचा. पैसे कुठल्या भाषेत मोजायची? देवासमोर कुठल्या भाषेत पुटपुटायची? मांजराला कुठल्या भाषेत हाकलायची? खूप चिडली की कुठली भाषा यायची? आईचा कागद भरताना आम्हा भावंडांना कळलं की तिच्या दोन भाषांबद्दल आम्हाला काहीच माहिती नाही, पन्नास वर्षं ती आमच्या घरात आमच्या भाषेत बोलली आणि माहेरची भाषा फक्त फोनवर, दार ओढून घेऊन. सासरी आलेल्या बायकांच्या बाबतीत हे हमखास होतं, म्हणून कागद नवऱ्याने आणि मुलांनी भरून भागत नाही, माहेरी फोन करा. चाकरमान्याचा असेल तर मुंबईच्या जुन्या सोबत्याला विचारा. डावरा की उजवा ते पण लिहा, डॉक्टर विचारतात.

आईच्या कागदावर शेवटी असं होतं. कोंकणी, जन्मापासून, फक्त बोलणं, हल्ली आठवड्यातून दोन फोन. कानडी, शाळेत, वाचता येत होती, लग्नानंतर वापर जवळपास नाही, पण पाढे कानडीत. मालवणी, बावीस वर्षांची असल्यापासून, दिवसभर. मराठी, कामासाठी, लिहिणं-वाचणं सगळं हिच्यात. हिंदी, टीव्हीपुरती.

या कागदाच्या चार झेरॉक्स काढा. एक फाईलच्या वर लावा, एक फिजिओथेरपीला येणाऱ्याला द्या.

वही

दुसरं म्हणजे रोजची वही. तारीख, वेळ, काय बोलली जसं ऐकू आलं तसं, कोणाशी, आणि कळलं असेल तर कुठली भाषा. कळलं नाही तरी लिहा, किंवा मोबाईलवर रेकॉर्ड करून माहेरच्यांना पाठवा. आमचा "साकु" तसाच सुटला. दुसऱ्या दिवशी मामाने फोनवर विचारलं, "जेवण जालें गो?" आणि आईने स्पष्ट उत्तर दिलं, "जालें." आम्ही तीन दिवस "आई जेवलीस का" विचारत होतो आणि ती नुसती बघत होती.

वहीत काही दिवसांनी एक चाल दिसायला लागते. मिशेल पारादी या कॅनडातल्या अभ्यासकाने अशा पेशंटच्या तऱ्हा मांडल्यात. सगळ्या भाषा बरोबरीने येतात, एक जास्त येते एक कमी, एक आल्यावर दुसरी यायला लागते, एखादी येतच नाही, एक यायला लागली की दुसरी मागे जाते, किंवा दोन भाषा एका वाक्यात कालवल्या जातात. १९८२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोरोक्कोतल्या एका ख्रिस्ती जोगिणीची (ननची) केस लिहिली, डोक्याला मार लागून वाचा गेलेली, तिला अरबी आणि फ्रेंच दोन्ही यायच्या, पण एका दिवशी एक नीट यायची आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. आणि जी भाषा त्या दिवशी स्वतःहून बोलता येत नव्हती तिच्यात भाषांतर मात्र करता यायचं. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला, कारण आईचं मंगळवारी मालवणी छान आणि बुधवारी काहीच नाही असं व्हायचं आणि घरात सगळे म्हणायचे मुद्दाम करते. मुद्दाम नसतं ते. एका वाईट दिवसावरून ती भाषा गेली असं लिहून टाकू नका.

कालवलेलं बोलणं आपल्याकडे तसंही निरोगी माणूस बोलतो, त्यामुळे ते आजारामुळे आहे की आधीपासूनचं हे स्पीच थेरपिस्टला, म्हणजे बोलण्याचे उपचार करणाऱ्याला, तुम्हीच सांगू शकता. समोरच्याला ती भाषा येत नाही हे माहीत असून पण माणसाला थांबता येत नसेल तर ती नोंद महत्त्वाची.

तपासणीच्या वेळी

सगळ्या भाषांमध्ये तपासा असा आग्रह धरा. वाईट वाटून घेऊ नका, डॉक्टरवर आवाज चढवू नका, कागद पुढे ठेवा. पारादी यांच्याच पुढाकाराने द्विभाषिक पेशंटसाठी खास चाचणी बनवलेली आहे आणि तिच्यात प्रत्येक भाषेची आवृत्ती त्या भाषेप्रमाणे रचलेली असते, नुसतं भाषांतर चालत नाही. तशी चाचणी मिळाली नाही तरी साध्या गोष्टी प्रत्येक भाषेत करून बघता येतात: नाव सांगणं, वस्तू ओळखणं, "डोळे मिट" सारखी आज्ञा, वाक्य मागून म्हणणं, आकडे, वाचणं, सही.

भाषा सांगायला तुम्ही मध्ये बसणार असाल तर एक पथ्य कडक पाळा, ते मी आणि भावाने दोघांनी मोडलं होतं. पेशंट जे बोलला तेच सांगायचं, चुकीसकट. आपण प्रेमापोटी वाक्य सुधारून सांगतो, "तिला म्हणायचं होतं की...", आणि थेरपिस्टला खरं चित्र मिळतच नाही. हाताने खूण करून मदत करायची नाही. आणि चित्रं बघून घ्या. आमच्याकडे जी चित्रं दाखवली त्यात बर्फातली गाडी आणि कसलंतरी वाद्य होतं, जे आईने आयुष्यात पाहिलं नाही. मी घरच्या वस्तूंचे फोटो काढून नेले, आदोळी, कोयती, होडी, सोलं, सुपातले तांदूळ, आणि त्यातले निम्मे तिने बरोबर सांगितले, काही कोंकणीत काही मालवणीत. कुठल्याही भाषेतला बरोबर शब्द हा बरोबर शब्द, तसे गुण धरा म्हणून सांगा.

थेरपिस्ट शोधणं

स्पीच थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर असतो, तो विचारायला लाजू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या उपचारांची संस्था आहे, नायर हॉस्पिटलात विभाग आहे, आणि सिंधुदुर्गातली माणसं तशीही गोव्यात बांबोळीला जातातच, तिथल्या मेडिकल कॉलेजात चौकशी करा. रोज जाणं शक्य नसतं हे खरं. आम्ही महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि बाकी व्हिडिओ कॉलवर केलं. थेरपिस्टला मालवणी येत नसेल तरी चालतं, फक्त ती शिकायला तयार हवी आणि तुम्ही शब्द पुरवायला. "घरी शुद्ध मराठीतच बोला, नाहीतर गोंधळ होईल," असा सल्ला आम्हाला एका ठिकाणी मिळाला आणि आम्ही दोन महिने तो पाळला. त्या दोन महिन्यांची वही जवळजवळ कोरी आहे. एकावेळी एका भाषेत व्यायाम करणं ठीक आहे पण ती भाषा कुठली हे कागद आणि वही बघून ठरवा, ज्या भाषेत माणसाला दिवसभर जगायचंय ती पहिली. दुसऱ्या भाषा बंद पाडायच्या नाहीत.

घरचा सराव

रोज अर्धा तास दोनदा, दमल्यावर नाही. टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस बोलणार.

दहा शब्द निवडा जे त्याला खरंच लागतात. पाणी, संडास, दुखतंय, गोळी, पंखा, नातवाचं नाव. शब्द अडला की लगेच सांगून टाकू नका, पायरी पायरीने द्या. आधी पाच-दहा सेकंद थांबा. मग त्या वस्तूबद्दल बोला, कशासाठी वापरतात, कुठे असते. मग वाक्य अर्धं सोडा, "तहान लागली की पितात..." मग पहिलं अक्षर. मग दुसऱ्या भाषेतला शब्द. आणि शेवटी आपण म्हणून मागून म्हणायला लावा. दुसऱ्या भाषेची पायरी आमच्या घरात सगळ्यात जास्त कामाला आली. "पाणी" अडलं की मी "उदक" म्हणायचे, आई "उदक... पाणी" म्हणायची. जे शब्द कोंकणी-मालवणी दोन्हीकडे सारखे आहेत, पेज, तोंड, खंय, ते आधी घ्या, ते लवकर येतात. उलट आवाज सारखा आणि अर्थ वेगळा असे शब्द सुरुवातीला टाळा.

आकडे, वार, आरती हे बऱ्याच जणांना आपोआप येतं कारण ते पाठ असतं. आईला "सुखकर्ता" आख्खी यायची आणि "चहा" म्हणता येत नव्हतं. शिव्या पण येतात, त्यावर लाजू नका आणि हसू नका. गाण्याच्या चालीवर वाक्य बसवून म्हणवून घ्यायची एक पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत निघाली, ज्यांना कळतं पण बोलता येत नाही अशांवर ती वापरतात. मात्र आरती आली म्हणजे बोलणं आलं असं समजू नका, आम्ही समजलो आणि मग फार निराश झालो.

बोलताना वाक्य छोटं ठेवा. ओरडू नका, कान ठीक आहेत. होय-नाही मध्ये उत्तर येईल असं विचारा, "आये, पेज होयी?" आणि वाटी समोर धरा. पण होय आणि नाही यांचीच अदलाबदल होते कित्येकांची, म्हणून उत्तर मिळालं की उलट विचारून खात्री करा, "म्हणजे नको?" जवळ वही-पेन आणि फोटोंची एक छोटी फाईल कायम ठेवा. शब्द चुकला तरी अर्थ कळला असेल तर पुढे जा. जेवताना उच्चार सुधारत बसलं की माणूस बोलायचंच सोडतो.

लिपीचं वेगळं बघा. आईला बोललेलं मराठी कमी कळायचं पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे वार ती वाचून बोट ठेवायची. ज्याला देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही लिप्या येतात त्याला दोन्हीत शब्द लिहून दाखवा, एखादी जास्त शाबूत असू शकते.

किती दिवस

पहिल्या तीन-सहा महिन्यांत सर्वात जास्त फरक पडतो, त्यानंतर संपलं असं मात्र नाही. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत, २०१७ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, अटॅकला सहा महिन्यांहून जास्त झालेल्या लोकांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली आणि त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. म्हणजे वर्ष झालं तरी सुरू करा.

जास्त भाषा शिकली म्हणून मेंदूवर ताण आला, असं पण बोलणारे भेटतात. हैदराबादला निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये ६०८ लकव्याच्या पेशंटचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये आला. एकापेक्षा जास्त भाषा येणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची नंतर विचारशक्ती नॉर्मल होती, एकच भाषा येणाऱ्यांमध्ये १९.६ टक्के. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखं.

रडू येणं, जेवण सोडणं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं हे दिसलं तर डॉक्टरला सांगा, लकव्यानंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्याला औषध आहे. बोलता येत नसलेला माणूस ते सांगू शकत नाही.

कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषा अक्षमतेत वाचाघाताचं नाव स्पष्ट आहे. दोष कायमचा राहिला तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो, तेव्हा थेरपिस्टचा रिपोर्ट जोडा. बँकेत सही जुळत नाही म्हणून अडतं, तिथे अंगठा आणि साक्षीदार घेऊन व्यवहार करायची सोय असते, मॅनेजरला आधी भेटून ठेवा. जाताना पेशंटला बरोबर न्या आणि तिच्याशी बोला म्हणून सांगा, ती ऐकते. आईने अंगठा उठवायच्या आधी पावतीवरचे पैसे स्वतः मोजले, हळू आवाजात, कानडीत.